अलॉय व्हीलवरचे ओरखडे आणि उडालेलं लॅकर : सातारा-सांगलीत नीट काम कसं करून घ्यायचं?

सातारी_सवारी
नमस्कार मंडळी. नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली, इंजिन चांगलं, सस्पेन्शन चांगलं, आतून पण स्वच्छ, फक्त चाकं बघवत नाहीत. १६ इंची डायमंड कट अलॉय आहेत, म्हणजे स्पोकच्या समोरच्या बाजूला चकचकीत मेटल आणि मधल्या खाचांत काळा रंग. डावीकडच्या दोन्ही चाकांची कड फुटपाथला घासून खरवडलेली आहे, बोट फिरवलं तर टोचतं. उजवीकडच्या पुढच्या चाकावर नुसते बारीक गोल गोल ओरखडे आहेत, आणि उजवीकडच्या मागच्यावर लॅकरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, आत पांढरे दोरे पसरल्यासारखं दिसतंय, शाम्पूने जात नाही, घासून जात नाही, काहीच होत नाही.

साताऱ्यात दोन ठिकाणी दाखवलं. एक म्हणाला चारही चाकांवर सिल्व्हर स्प्रे मारून देतो, सकाळी आणा संध्याकाळी न्या. दुसरा म्हणाला भट्टीत टाकून जुना रंग जाळायचा आणि पावडर कोटिंग करायचं (कोरडी रंगाची पावडर मारून ओव्हनमधे पिकवायची), दुसरा पर्यायच नाही. दोघं एकदम उलटं सांगतायत. गाडी घरच्यांना घेऊन यवतेश्वर-कास, महाबळेश्वर अशी घाटात फिरणार आहे त्यामुळे दिसण्यापेक्षा चाक सुरक्षित राहणं जास्त महत्त्वाचं. सांगली, कोल्हापूर, पुणे कुठंही न्यायची तयारी आहे. जाणकारांनी सांगा.

वाढेफाटा
दादा फोटो टाका ना चारही चाकांचे, आणि मागच्या बाजूचे पण टाका. समोरून सगळे बघतात, भेग मात्र बऱ्याचदा आतल्या बाजूला असते.

कुपवाडची_भट्टी
सवारी दादा, आधी घाई करू नका. मी फाउंड्री आणि हीट ट्रीटमेंटच्या कामात आहे, ॲल्युमिनियम कास्टिंग रोज हातात असतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या चारही चाकांचा आजार वेगळा आहे आणि दोन्ही दुकानदार सगळ्याला एकच औषध देतायत. ओरखडा किती खोल गेलाय ते पहिल्यांदा बघायचं. चाक स्वच्छ धुऊन ओल्या कापडाने पुसा, ओलं असताना ओरखडा दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत दिसला तर तो वरच्या लॅकरमधेच आहे, पॉलिशने जाईल. नखाने आडवं ओढून बघा, नख अडकलं म्हणजे लॅकर आणि रंग ओलांडून मेटलपर्यंत गेलाय, तिथं पॉलिशचा काही उपयोग नाही. तुमचं उजवं पुढचं पहिल्या प्रकारात, डावी दोन्ही दुसऱ्या प्रकारात बसतील असं वर्णनावरून वाटतंय.

आता ते पांढरे दोरे. डायमंड कट म्हणजे चाक आधी पूर्ण रंगवतात, मग लेथवर समोरच्या बाजूचा पातळ थर कापून आतलं मेटल उघडं करतात आणि त्यावर फक्त पारदर्शक लॅकर मारतात. म्हणजे त्या चकचकीत भागावर प्राइमर नाही, रंग नाही, लॅकर हेच काय ते कवच. एखादा खडा लागून टवका उडाला, कडेला फुटपाथ घासला, किंवा बॅलन्सिंगचं वजन ठोकून बसवताना कड दुखावली की तिथून पाणी आत शिरतं आणि लॅकरच्या खालून गंज सरकत जातो, तो असाच दोऱ्यासारखा वळणं घेत जातो. मीठ असेल तर फार जोरात. कऱ्हाडवरून कुंभार्ली घाटाने चिपळूण, किंवा आंबा घाटाने रत्नागिरीकडे वरचेवर जाणाऱ्या आणि किनाऱ्यावर वाळूत उभ्या केलेल्या गाड्यांना हे जास्त होतं, आधीच्या मालकाला विचारून बघा. वरून कितीही बफिंग करा, तो डाग लॅकरच्या आत आहे, लॅकर काढल्याशिवाय हात लागणार नाही.

भट्टीत जाळायचं म्हणणाऱ्याकडे मात्र चाक देऊ नका. कारण पुढच्या पोस्टमधे लिहितो, शिफ्ट संपली की.

चारचाकी_ताई
भट्टी दादांनी बरोबर सांगितलं. उजव्या पुढच्या चाकाचं मी सांगते, ते घरी होतं.

ते बारीक गोल ओरखडे बहुतेक वॉशिंग सेंटरचे आहेत. बॉडी पुसलेलंच मातीचं फडकं चाकाला लावतात, नाहीतर तारेच्या काथ्याने घासतात. आधी चाक पूर्ण गार होऊ द्या, घाट उतरून आल्या आल्या पाणी मारायचं नाही, डिस्क तापलेली असते आणि साबण वाफ होऊन डाग सोडतो. मग भरपूर पाण्याने माती काढा, वेगळ्या बादलीत शाम्पू, मऊ ब्रश. तपकिरी ठिपके राहिले तर ते ब्रेकच्या लोखंडाची पूड असते, तापून चिकटलेली, त्यासाठी आयर्न रिमूव्हर म्हणून स्प्रे मिळतो, मारला की लोखंड विरघळताना जांभळा ओघळ येतो, वाळू न देता धुऊन टाका. त्यानंतर बारीक कंपाउंड फोमच्या पॅडवर घेऊन हाताने, हलक्या दाबाने. लॅकर फार पातळ असतं म्हणून ड्रिलला बफ लावून जोर काढू नका, विशेषतः स्पोकच्या कडांवर, तिथं पटकन खाली मेटल लागतं. शेवटी वॅक्स किंवा सीलंट.

आणि एक कळकळीने सांगते, वॉशिंगला दिली की उभं राहून बघा बाटलीतून काय मारतायत ते. बाथरूम साफ करायचं ॲसिड पातळ करून चाकांवर मारणारे लोक आहेत. पाच मिनिटांत चाक लखलखतं पण लॅकर कायमचं धुरकट होतं, आणि उघड्या ॲल्युमिनियमला तर ते खाऊनच टाकतं. काही स्वस्त व्हील क्लीनरमधे हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते हातावर पडलं तर सुरुवातीला दुखत पण नाही आणि आतपर्यंत जाळतं. धुणारी पोरं उघड्या हाताने वापरतात हो. त्यांना पण सांगा.

माणदेशी
इन्शुरन्समधून होईल का बघा की, झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) असेल तर?

कुपवाडची_भट्टी
राहिलेलं लिहितो.

गाड्यांची बहुतेक ओतीव अलॉय चाकं ॲल्युमिनियम-सिलिकॉन-मॅग्नेशियमची असतात, ए३५६ नावाचा मिश्रधातू, साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि अर्धा टक्क्याहून कमी मॅग्नेशियम. नुसतं ओतून ते पुरेसं मजबूत होत नाही. ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास तापवतात, लगेच पाण्यात बुडवतात, आणि मग दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवतात, याला टी६ म्हणतात. त्या शेवटच्या पायरीत मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूत तयार होतात आणि चाकाची ताकद त्या कणांमुळे असते.

आता रंग जाळण्यासाठी चाक साडेतीनशे-चारशे अंशांच्या भट्टीत टाकलं, किंवा गॅसच्या टॉर्चने भाजलं, की ते कण मोठे मोठे होत जातात आणि धातू मऊ पडतो. डोळ्यांना काही दिसत नाही. चाक गोल असतं, रंग मस्त बसतो, गिऱ्हाईक खूश, आणि पुढे एखाद्या खड्ड्यात ज्या धक्क्याला काही व्हायला नको होतं त्या धक्क्याला कड वाकते. ताकद परत आणायची तर परत ५४० पासून सगळं करावं लागेल आणि तसं केल्यावर चाक वेडंवाकडं होतं. म्हणजे गेलं ते गेलं.

पावडर कोटिंग स्वतः वाईट नाही, उलट चांगलंच आहे. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटांत पिकते, तेवढं चाकाला चालतं. पण ओव्हनवर तापमान दाखवणारं मीटर चालू पाहिजे, आणि जुना रंग केमिकल स्ट्रिपरने किंवा बारीक मीडियाच्या ब्लास्टिंगने (बारीक कण जोरात फवारून) काढलेला पाहिजे. आमच्या कुपवाड एमआयडीसीत काय किंवा तुमच्या साताऱ्याच्या एमआयडीसीत काय, पावडर कोटिंगवाले आहेत, पण त्यातले बरेच जण ग्रिल, कपाटं, पंप असलं काम करतात. चाक करायचं तर तीन गोष्टी त्यांना आधी सांगायच्या. हबला (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला भाग) टेकणारी मागची सपाट जागा, नट बसतात त्या भोकांचे उतार, आणि टायर जिथं बसतो ती आतली कड. नटाच्या उतारावर आणि हबच्या जागेवर पावडर अजिबात नको, टेपने किंवा प्लगने झाकून घ्यायची. तिथं जाड थर राहिला तर नट आवळताना तो दाबला जातो, गाडी चालली की अजून दबतो, आणि नट ढिले पडतात. यापुढे जाऊन वाईट काय होतं ते सांगायची गरज नाही.

वाढेफाटा
हे नटाचं लय महत्त्वाचं हाय. आमच्या पाहुण्यांच्या गाडीला रंगकाम झाल्यावर स्टिअरिंग थरथरत होतं, सगळे बॅलन्सिंगच्या मागं लागले, चाक खोललं तर हबच्या जागेवर रंगाचा जाड थर आणि त्यात एक खडा चिकटलेला.

पुणेरी_सातारकर
मी थोडं वेगळं मत मांडतो. डायमंड कट परत डायमंड कट करता येतो, पुण्यात सीएनसी लेथवर करून देतात. चाकाचा आकार आधी प्रोब फिरवून मोजतात आणि मग पातळ कट घेतात. दिसायला कंपनीसारखं होतं. रंग मारून मूळ फिनिश घालवायचं मला तरी पटत नाही, विकताना पण भाव पडतो.

कुपवाडची_भट्टी
पुणेरी दादा, होतं, नाही म्हणत नाही. पण प्रत्येक कटला मेटल जातं आणि ते परत येत नाही, म्हणून हे एक-दोनदाच करायचं काम आहे, आणि सेकंडहँड गाडीत आधी किती वेळा झालंय हे आपल्याला कळायला मार्ग नाही. कड खोल खरवडली असेल तर तेवढ्या खोलीपर्यंत सगळा चेहरा कापावा लागतो. पुट्टी भरता येत नाही कारण वर रंग नसतो, पुट्टी उघडी दिसते. आणि इतकं करून वर परत तेच नुसतं लॅकर. आपल्याकडचा पाऊस, घाटातली बारीक खडी, ऊसाच्या सीझनला ट्रॉली आली की गाडी साइडपट्टीवर उतरवावी लागते, त्यात ते कितपत टिकेल? गाडी शहरात आणि हायवेवर चालणार असेल तर तुमचं म्हणणं मान्य. कासच्या रस्त्याला डांबराची कड संपली की जांभा दगड सुरू होतो, तिथं नेणाऱ्या गाडीला प्राइमर आणि रंग असलेलंच चाक बरं.

पुणेरी_सातारकर
घाटाचा मुद्दा मान्य. तरी मूळ फिनिशबद्दल माझं मत तेच आहे :)

चारचाकी_ताई
डावीकडच्या कडा घरी करायच्या असतील तर पद्धत सांगते, धीर असेल तर चांगलं होतं. पण एक अट, खरवड फक्त कडेला पाहिजे आणि वरवरची पाहिजे. आणि रंगवलेलं चाक करायचं ठरलं असेल तरच, डायमंड कटवर मधेच सिल्व्हरचा ठिपका मारला तर तो लांबून ओळखू येतो, कुठलीही शेड जुळत नाही, म्हणून तो संध्याकाळपर्यंत सिल्व्हर स्प्रेवाला मला मुळीच पटला नाही. संध्याकाळपर्यंत म्हणजे तो लॅकर घासणार नाही, प्राइमर मारणार नाही, धुतलेल्या चाकावर सरळ फुसफुस करणार. दोन पावसात सोलून निघेल आणि खालचा गंज वाढलेला असेल.

टायरची थोडी हवा सोडून रिम आणि टायरच्या फटीत जुने पत्ते खोचायचे, सगळ्या बाजूंनी, म्हणजे टायरला पॉलिश पेपर आणि रंग लागत नाही. वर आलेले टोकदार कण आधी बारीक कानशीने हलके काढायचे. मग २४० किंवा ३२० चा पेपर, मग ४००, मग ६०० पाण्यात भिजवून. खड्डा राहिला तर ॲल्युमिनियमला चालणारी पुट्टी पातळ भरायची, वाळली की परत घासायची. डोळे मिटून बोट फिरवा, बोटाला जे लागतं ते रंग मारल्यावर दिसणारच. मग थिनरने नाही, वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा. उघड्या ॲल्युमिनियमवर साधा प्राइमर धरत नाही, एचिंग प्राइमर किंवा इपॉक्सी प्राइमर घ्या. इपॉक्सी घेतलं तर डब्यावरचा वाळायचा वेळ पाळा, घाई केली तर वरचा रंग सुरकुततो. त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात, मधे दहा-पंधरा मिनिटं, आणि शेवटी क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर.

टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं, जास्त टिकतं, पेट्रोल आणि ब्रेकची पूड सोसतं, पण त्याच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, ते छातीत गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. रुमाल किंवा साधा मास्क काही कामाचा नाही. ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज आणि फवाऱ्याचे कण अडवणारा फिल्टर लावलेला मास्क, हातमोजे, आणि मोकळी जागा नसेल तर हे काम पेंटरकडेच द्या. घरात लहान मुलं असतील तर नकोच.

आणि जुलै-ऑगस्टमधे साताऱ्यात रंगकाम काढू नका. दमट हवेत लॅकर दुधाळ पांढरं पडतं. दिवाळीनंतर कोरडी हवा असते तेव्हा, सकाळची थंडी उतरल्यावर करा.

माणदेशी
मीच विचारलं मीच माहिती काढली. स्टँडर्ड पॉलिसीत टायर-ट्यूबचं नुकसान एकट्याचं झालं तर मिळत नाही, गाडीला पण सोबत मार लागलेला असेल तर टायरला ५० टक्क्यांपर्यंत. रिमच्या नुसत्या ओरखड्यासाठी क्लेम टाकण्यात तर काही राम नाही, नो क्लेम बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, एका क्लेमला तो सगळा जातो. टायर-रिम प्रोटेक्ट म्हणून वेगळं ॲडऑन काही कंपन्या देतात, रिन्यूअलला विचारा, पण नुसतं दिसण्याचं नुकसान त्यात धरतात का ते कागदावर वाचून घ्या. सवारी दादांना तर आधीच्या मालकाच्या काळातलं नुकसान आहे, त्यांना काही मिळायचं नाही.

सातारी_सवारी
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी माहिती दुकानात कुणीच दिली नव्हती. वाढेफाटा दादांचं ऐकून आज चारही चाकं खोलून मागून बघितली. तीन ठीक आहेत. डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या कडेला थोडा बाक आहे, आणि तिथूनच बारीक केसासारखी रेघ खाली गेलीय, बोटाच्या पेराएवढी. या चाकाची हवा पण हळूहळू कमी होत होती, मी व्हॉल्व्ह बदलायचा विचार करत होतो. इथं एक जण म्हणाला आर्गॉन वेल्डिंग करून वरून लेथ मारून देतो, कळणार पण नाही. फोटो टाकलाय. रेघ म्हणजे नक्की भेगच का?

कुपवाडची_भट्टी
फोटो बघितला. भेग असायची शक्यता फार जास्त आहे. खात्री करायची तर डाय पेनिट्रंट टेस्ट करून घ्या, लाल द्रव मारतात, पुसतात, पांढरी पावडर मारतात, भेग असेल तर लाल रेघ उमटते. कुठल्याही चांगल्या फाउंड्रीत किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे तो स्प्रेचा संच असतो, अर्ध्या तासाचं काम.

पण भेग निघाली तर वेल्डिंग करू नका. हात जोडून सांगतो. वर जे टी६ चं लिहिलं तेच इथं लागू आहे, वेल्डिंगच्या शेजारचा पट्टा तापून मऊ पडतो, वरून लेथ मारला की दिसायला एकसंध, आणि खरी ताकद शेजारच्या जागेपेक्षा कमी. चाकाला प्रत्येक फेऱ्याला ताण येतो-जातो, भेग त्या पट्ट्यातून परत सुरू होते. खंबाटकीच्या उतारावर गाडी भरलेली असताना हे चाक पुढे डावीकडे लावलेलं मला चालणार नाही. 'कळणार पण नाही' हीच तर अडचण आहे, पुढच्या मालकाला पण कळणार नाही.

ते एक चाक बदला. सेकंडहँड मिळालं तरी मागच्या बाजूला ओतलेले आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. उदाहरणार्थ ६जे × १६ म्हणजे रुंदी आणि व्यास इंचांत, ईटी ४५ म्हणजे ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी जागा किती सरकलेली आहे ते) मिलिमीटरमधे, मग नटांचं वर्तुळ म्हणजे पीसीडी, आणि मधल्या भोकाचा व्यास. ईटी चुकला तर चाक आत सस्पेन्शनला किंवा बाहेर फेंडरला घासेल. नवीन बाहेरचं घेत असाल तर आयएसआयचा शिक्का बघा, हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे.

मिरजेचा_पंक्चरवाला
नमस्कार. मी टायरच्या धंद्यात आहे. आमच्या लोकांना नावं ठेवतात पण अलॉयच्या कडेला बरेच ओरखडे टॉमीने (टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीने) येतात हे खरं आहे. रस्त्यावर हाताने टायर उतरवणाऱ्याकडे अलॉय देऊच नये. मशीनवाल्याकडे जा आणि मशीनच्या डोक्याला प्लॅस्टिकचं कव्हर आहे का बघा. टायर जिथनं चढवतो तिथं रिमला प्लॅस्टिकची पट्टी लावून मागा, मागितली की देतात. बॅलन्सिंगला ठोकायचं वजन नको म्हणायचं, आतल्या बाजूला चिकटवायचं वजन घ्यायचं. न्यूमॅटिक गनची गोटी (सॉकेट) नटाच्या भोकात फिरून रंग उडवते, त्याला पातळ भिंतीची, प्लॅस्टिकचं आवरण असलेली गोटी मिळते.

बाकीच्या तीन चाकांची हवा हळू कमी होत असेल तर व्हॉल्व्ह बदलायच्या आधी साबणाचं पाणी रिम आणि टायरच्या सांध्यावर मारून बघा. जुन्या अलॉयला आतल्या कडेवर पांढरा गंज येतो आणि तिथनं बुडबुडे येतात. टायर उतरवून ती जागा स्वच्छ करायची, मेटल खायचं नाही, फक्त गंज काढायचा. रंगकामाला टायर उतरणारच आहेत तर तेव्हाच करून घ्या, व्हॉल्व्ह पण तेव्हाच नवीन टाका.

सातारी_सवारी
ठरवलं मग. डावं पुढचं टेस्ट करायला सोमवारी कुपवाडला आणतो, भट्टी दादा व्यनि केलाय. भेग निघाली तर तेच माप शोधतो. उजवं पुढचं ताईंच्या पद्धतीने मी आत्ता पॉलिश करून वापरतो, आणि दिवाळीनंतर चारही चाकं एकदमच केमिकलने साफ करून गनमेटल पावडर कोटिंग, हब आणि नटाच्या जागा झाकून. पुणेरी दादा, माफ करा, मूळ फिनिश जाणार. तोवर डावीकडे पुढे स्टेपनी लावून चालेल का? स्टीलची आहे, १५ इंची.

मिरजेचा_पंक्चरवाला
बाकी १६ आणि ती १५, म्हणजे ती फक्त घरापर्यंत यायला. तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुतेक ताशी ८०, ती पाळा. पुढे तर नकोच, ड्राइव्ह पुढच्या चाकांना असेल तर दोन बाजूंच्या चाकांचा घेर वेगळा पडून डिफरन्शियलला (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला) सतत काम लागतं. मागचं चांगलं अलॉय पुढे घ्या आणि स्टेपनी मागे, तेही कुपवाडपर्यंतच. निघायच्या आधी नट चांदणीच्या क्रमाने, एक सोडून समोरचा असे आवळा. हाताच्या अंदाजाने नको, मॅन्युअलमधे न्यूटन मीटरचा आकडा दिलेला असतो तो टॉर्क पान्यावर लावून. स्टीलच्या चाकाला वेगळे नट आहेत का तेही त्याच पानावर बघा. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाक गार असताना परत एकदा तपासा. कुपवाडला आलात की फोन करा, पुढे मिरजेला आमच्याकडे आलात तर टॉर्क बघून देतो, पैसे नकोत.

कुपवाडची_भट्टी
व्यनि मिळाला. सोमवारी दुपारी दोननंतर या, येताना चाकावरचा टायर उतरवून आणा आणि आतली बाजू डिझेलने पुसू नका, तेलकट राहिलं तर पेनिट्रंट भेगेत शिरत नाही.